अंदमानातला मोतीबिंदू

आमच्या आईनं आयुष्यात एकच मोठी थाप मारली आणि तीही तिला धड जमली नाही. "मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला लेकीकडं चालले," असं हदगावात सगळ्यांना सांगून ती नांदेडला आली आणि तिथून आमच्यासोबत अंदमानला.

वडील जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. वर्षाच्या आत सण नाही, गोडधोड नाही, बाईमाणसानं मौजेसाठी घराबाहेर पडणं तर नाहीच, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. आईनं ते इतकं मनावर घेतलं की तिचं बोलणंसुद्धा आटलं. फोनवर मी दहा गोष्टी विचारायची, ती "हाव" नाहीतर "न्हाई" म्हणायची. शेवटी माझं डोकं सटकलं. नवरा आमची तिकिटं काढत होता, त्यात आईचंही काढायला लावलं आणि तिला सांगितलं, तू आली नाहीस तर मीही जात नाही. तेव्हा ती म्हणाली, "गावात काय सांगू?" मोतीबिंदूची कल्पना तिचीच. मोतीबिंदू खराच होता, फक्त पिकला नव्हता.

तिला खरी धास्ती होती ती एकाच माणसाची. मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, आईची जाऊ. काका ऐन तरुणपणी गेले, तेव्हापासून ती तशीच राहिली. दोघी जावा एकाच घरात, एकाच चुलीवर. ती नाराज झाली तर आईला त्या घरात मान वर करून राहणं अवघड होतं, आणि आईला दुसरं घर नव्हतं. माझं आहे म्हटलं तर म्हणायची, लेकीचं घर लेकीचं.

अंदमानात पहिल्या दिवशी आई हॉटेलच्या खोलीतून बाहेरच पडली नाही. "तुमी जा, मी सामान बघते." आता सामान ते काय बघायचं! दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मुलीनं तिला हाताला धरून आणलं, तर नारळाच्या झाडाखाली डोक्यावरून पदर घेऊन बसली. तिनं आतापर्यंत पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे विष्णुपुरीचं धरण. समोर एवढा निळा समुद्र, आणि ही वाळूत बोटानं रेघा ओढत बसलेली. जवळून कोणी मराठी बोलत गेलं की पदर आणखी पुढं यायचा.

"मामी," माझा नवरा म्हणाला, "हदगावहून इथं यष्टी येत न्हाई. नका घाबरू."

तेवढ्यापुरती ती हसली. पण शहाळं दिलं ते तिनं नातीच्या हातात ठेवलं. गोड आहे म्हणून. नारळाचं पाणी म्हणजे काही पुरणपोळी नव्हे, यावर नातीनं आजीशी चांगलाच वाद घातला, पण आजी बधली नाही. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडं बघून वाईटही वाटत होतं. माणूस इतक्या लांब आणलं, पण मन तिकडंच राहिलेलं.

आणि त्या दुपारी आईचा फोन वाजला. तिला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून पहिलं वाक्य आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"अगं, दाराला कुलूप हाय की! कुठं गेले समदे?"

मोठी माय आमच्या नांदेडच्या दारात उभी होती. आजाऱ्याला भेटायला आली होती. आम्ही दोघी मायलेकी एवढ्या शहाण्या, पण ऑपरेशन म्हटल्यावर गावाकडचं माणूस भेटायला येणारच, हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. ज्वारीचं पीठ आणि गाईचं तूप घेऊन ती एसटीनं आली होती आणि आता पायरीवर बसली होती.

मी आईला खुणा करत होते, दवाखान्यात आहोत म्हणून सांग. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"आक्का, मी समुद्रावर हाय. अंदमानला."

"आन् डोळा?"

"न्हाई केला. खोटं बोलले."

"काहून?"

"तुमी नावं ठेवताल म्हणून."

पलीकडून रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत राहिले.  माझ्या मुलीनं आजीचा हात धरला.

"मी कशाला नावं ठेवू?" मोठी माय म्हणाली. "मी वरीसभर त्या आतल्या खोलीत बसले. सणाच्या दिशी समदे भाईर पंगतीला, मला ताट आत यायचं. चल, भाईर बस, म्हणून एक माणूस म्हणलं न्हाई मला. तुला तुझी लेक म्हणली. गेलीस, लई चांगलं केलंस. गावात सांगते मी, डॉक्टरनं भेटू दिलं न्हाई म्हणून. उन्हात नको बसू, काळी होऊन आलीस तर माझं खोटं उघडं पडंल."

फोन बंद झाला. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. नवरा तर मोठ्यानं हसला, मीही हसले. सुटलो एकदाचे!

आई हसली नाही. समुद्राकडं बघत म्हणाली, "ते ताट मीच न्यायची."

आम्हाला आधी कळलं नाही.

"धाकटी सून मी. आत जायची, ताट ठेवायची आन् भाईर यायची. चल म्हणायला काय लागत व्हतं मला? सासूनं मारलं असतं का?" मग तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. वडील गेल्यावरही ती इतकी रडली नव्हती. "लाव परत फोन."

मी लावला. मोठ्या मायनं उचलला.

"आक्का, ते ताट मी आणायची."

"मला म्हाईत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "दिवसभर तुझीच तर वाट बघायची मी."