दव हाय तवर

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागची गाठीगाठींची उशी पाहून तुम्ही हसलात. म्हणालात, "आजी, ही फेकून दे." ती का ठेवली आहे, ते लिहिते आहे.

"दव हाय तवर उरकू द्या." परभणीतल्या वृद्धाश्रमात एक आजी रोज सकाळी हे म्हणायच्या आणि अंगावरच्या चादरीतून काहीतरी चिमटीने ओढत राहायच्या.

निवृत्तीनंतर मी तिथे मदतीला जाऊ लागले. जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला, त्यामुळे नोंदवही आणि वेळापत्रक आपोआप माझ्याकडे आलं. साडेसहाला आंघोळ, साडेसातला नाश्ता. तांबड्या शाईच्या रेघा मारून मी ते भिंतीवर चिकटवलं. त्यात सगळे बसले. त्या आजी बसल्या नाहीत.

त्यांना विस्मृतीचा आजार होता. मुलाचं नावही गेलं होतं. साडेसहाला न्हाणीकडे न्यायला लागलं की हात झटकायच्या, मारायच्या. त्यांचं सगळं करणारी शोभा जवळच्या बोरी गावची. तिच्या गालावर एकदा ओरखडा उठला. चादरी फाटल्या, बोटं सोलवटली. शेवटी मी नोंदवहीत लिहिलं, "सकाळी हात मऊ फडक्याने बांधावेत." अक्षर सुवाच्य आहे.

"मालकीणबाई," बांधल्या हातांनी त्या मला म्हणाल्या, "दव हाय तवर उरकू द्या. ऊन तापलं की पाला चुरतो, कापसात कचरा जातो. मग तुमीच वरडता."

मला ती बडबड वाटली. दोनतीन दिवसांनी शोभाच म्हणाली, "बाई, त्या कापूस वेचायल्यात. माझी माय बी याच वक्ताला रानात असायची. ऐन कामाच्या टायमाला तुमी त्यांना न्हाऊ घालायलात. कोण ऐकंल?"

दुसऱ्या दिवशी तिने भावाच्या शेतातून फुटलेल्या बोंडांसकट पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, चार झाडं उपटून आणली आणि अंगणाच्या भिंतीशी सुतळीने उभी बांधली. वेचलेला कापूस टाकायला आजींच्या कमरेला जुन्या लुगड्याचा ओटा बांधला. त्यांचे दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर गेले. पाचही बोटांत बोंड रिकामं.

आंघोळ दुपारवर गेली. शोभाचं बोट धरून त्या आपणहून न्हाणीत जायच्या. त्या झोपल्या की शोभा आणि मी वेचलेला कापूस परत बोंडांत खोचत बसायचो.

"औंदा लय फुटलाय, मालकीणबाई. बाया वाढवा."

"बाया मिळत नाहीत हो."

"मिळतील कशा? तुमी चहा बी देत न्हाई."

शोभा तोंडाला पदर लावून हसली. तेव्हापासून सकाळचा चहा अंगणात येऊ लागला.

दिवाळीनंतर सुरू झालेलं हे संक्रांतीपर्यंत चाललं. मग एका सकाळी त्या पऱ्हाटीसमोर उभ्या राहिल्या आणि हात उचललेच नाहीत. शोभाने एका तळव्यावर बोंड ठेवलं. मी त्यांची बोटं कापसावर टेकवली. म्हटलं, "दव आहे अजून." त्या बोंडाकडे बघत राहिल्या. न आलेला धडा पुन्हा सांगायचा, एवढंच मला आयुष्यभर येत होतं. मी पुन्हा सांगितलं. परत बोटं टेकवली. परत सांगितलं.

"बाई, ऱ्हाऊ द्या आता," शोभा म्हणाली.

त्यानंतर त्यांनी कधी हात झटकला नाही. साडेसहालाही मुकाट्याने आंघोळीला आल्या असत्या. आम्ही नेलं नाही. शोभा रोज पहाटे ओटा बांधायची आणि त्यांना अंगणात खुर्चीवर बसवायची. चहा बशीतून पाजायची. मी शेजारी बसायचे. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

उन्हाळ्यात त्या गेल्या. खाटेवर आता दुसऱ्या आजी आहेत. त्यांच्याबद्दल मी आधी शोभाला विचारते, नंतर वही उघडते.

आजींनी शेवटचा वेचलेला कापूस आम्ही बोंडांत परत खोचला नव्हता; त्या दिवशी शोभाने ताजी पऱ्हाटी आणली होती. शोभाने तो सरकीसकट अभ्र्यात भरला, शिवला आणि मला दिला. तुमचा फोन ठेवल्यावर मी उशीची शिवण थोडी उसवून पाहिली. आत कापूस आहे, सरकी आहे. पाल्याचा एक कण नाही.