लांडगा, लसूण आणि पंतांचा चंद्र

भुताखेतांच्या बाबतीत सोलापुरात माझ्याइतका जाणकार माणूस झाला नाही. तसं भूत मी एकदाच पाहिलं, आणि ते आमच्या मालकांचं दोरीवर वाळत घातलेलं धोतर निघालं. पण पळालो मात्र भूत पाहिल्यासारखाच, तेव्हा जाणकार म्हणवून घ्यायला हरकत नाही.

नवी पेठेतल्या एका छापखान्यात मी खिळे जुळवायचो. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. एकेक उचलायचं आणि ओळ करायची. खाली सांडलेले खिळे झाडून एका डब्यात टाकायचे, सवड मिळाली की निवडू म्हणायचं, आणि सवड काही मिळायची नाही. डबा आपला भरत जायचा. पंतांचे किस्से माझ्याकडं असेच साठले. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळं निवडून, लावून सांगेन अशी आशा धरू नका. हाताला येईल तो उचलतो.

* * *

पंत म्हणजे विष्णुपंत, शाळेतले ड्रॉइंग मास्तर. साहेबाचं राज्य होतं, गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचं आणि जेवायचं, आणि अशा गावात हा गृहस्थ प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायचा. प्रेमही साधं नाही. नायिका चांगल्या घरातली आणि नायक एक तर रक्त पिणारा, नाही तर पुनवेला लांडगा होणारा. इंग्रजी पुस्तकं वाचून त्यांना हे वेड लागलेलं. पोरी लपवून वाचायच्या आणि पोरींचे बाप ते लपवलेलं शोधून वाचायचे.

फक्त एक बाई वाचायची नाही. पंतांची बायको.

रमावहिनींना वाचता येत नव्हतं असं नाही. पोथी वाचायच्या, पंचांग वाचायच्या, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायच्या. पंत नवं पुस्तक घरी नेऊन देवघराशेजारी ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ते फडताळात दिसायचं, लोणच्याच्या बरणीखाली.

"काय पंत, वहिनींना आवडलं का?" मी मुद्दाम विचारायचो.

"बरणी आता डुगडुगत नाही," पंत म्हणायचे. हसून म्हणायचे, पण मग दिवसभर कुणाकडं धड बघायचे नाहीत. सगळ्या गावानं वाचलं तरी त्या एका बाईनं वाचलं नाही म्हणजे आपलं लिहिणं वाया, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

* * *

एकदा पंत छापखान्यात आले ते काळजीतच. इंग्रजी पुस्तकांत असं होतं म्हणे, की हा रक्त पिणारा लसणीला भितो. घरात लसूण असली की उंबरा ओलांडत नाही.

मालक शेंगाचटणीशी भाकरी खात होते. त्यांनी घास तसाच हातात धरला. "पंत, तुमचा नायक सोलापुरात राहतो ना? मग आला स्टेशनात की गेला माघारी."

पंत खाली बसले. चार प्रकरणं लिहून झाली होती. मला दया आली. म्हटलं, पंत, तुमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद असते की नाही? मग तुमच्या आळीत तेवढे चार महिने त्याला मोकळे.

मी थट्टा केली हो. पण पुस्तक आलं, त्यात नायक आषाढी एकादशीला गाडीतून उतरतो आणि कार्तिकीला नायिकेचा निरोप घेतो. लोक निरोपाच्या प्रकरणाला रडले. त्यांना काय ठाऊक तो लसणीच्या फोडणीला भिऊन चाललाय!

* * *

रक्त पिणारा आरशात दिसत नाही, हेही पंतांनीच आम्हाला शिकवलं. आता एवढं हातात आयतं आल्यावर मी गप्प कसा बसणार?

पेठेच्या टोकाला मारुतीचं केस कापायचं दुकान होतं. भिंतीतल्या झरोक्यावर चौकट टांगून त्यात त्यानं आरसा बसवला होता. पलीकडं त्याची कोठीची खोली. मी मारुतीला पटवलं आणि आरसा काढून चौकट तेवढी ठेवली. पंत आले, खुर्चीत बसले, मान वर केली, तर समोर कोठीतली पोती आणि एक मांजर. पंत नाहीतच!

दुसरा कुणी ओरडला असता. पंतांचा चेहरा मात्र पोरासारखा खुलला. त्यांनी हात हलवला, जीभ काढून पाहिली, दातांवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "मारुती, मी तुला दिसतोय का रे?"

"दिसताय की," मारुती म्हणाला. "म्हनून तर वस्तरा जपून धरलाय."

* * *

लांडग्याचं मात्र पंतांना पक्कं हवं होतं. एका रविवारी मला घेऊन ते मोहोळला उतरले. तिथून माळावर दोन कोस चाललो. धनगरांचा तळ पडला होता. सखुआज्जी म्हणून एक म्हातारी लोकर पिंजत बसली होती. तिचा जन्म मेंढरांमागं गेलेला.

पंतांनी विचारलं, "आजी, पुनवेच्या चांदण्यात माणसाचा लांडगा होतो का?"

म्हातारीनं त्यांना नीट न्याहाळलं. म्हणाली, "पुनवंला लांडगं लई येत न्हाईत. उजेडात कुत्र्यास्नी दिसत्यात की."

पंतांनी हे आपल्या मनात टिपलं आणि पुढचं विचारलं. लांडगा चंद्राकडं तोंड करून का रडतो? जोडीदार मेला तर दुसरा करतो का? माणसावर जीव लावतो का? म्हातारीनं सांगितलं, आम्हाला भाकरी वाढली, ताक दिलं, पुन्हा सांगितलं. ऊन कललं, मेंढरं माघारी आली, तरी पंतांचे प्रश्न संपेनात.

शेवटी पंत म्हणाले, "आणि आजी, लांडगा एकदा आला, की जातो कधी?"

"त्यो पोट भरलं की जातो, मास्तर," म्हातारी म्हणाली. "तुमचं कवा भरतंय?"

* * *

आता वहिनींचं सांगतो. त्या वाचतात की नाही, याचा एकदा निकाल लावायचाच असं मी ठरवलं. पंतांच्या नव्या कादंबरीत शेवटच्या प्रकरणात संकष्टी होती. नायिकेचा उपास. चंद्र उगवल्याशिवाय जेवायचं नाही, म्हणून ती गच्चीवर उभी, आणि रक्त पिणारा कठड्यापाशी. पंतांनी प्रूफ पास केलं. त्यानंतर मी माझ्या पदरची एक ओळ जुळवून आत घातली: "चंद्राला अजून वेळ होता, म्हणून ती दोन मोदक खाऊन घेऊन वर आली."

वहिनी संकष्टी कडक पाळायच्या. वाचलं असतं तर त्या गप्प बसल्याच नसत्या. पंतांची मला भीती नव्हती. छापून आलेलं पुस्तक ते कधी उघडायचे नाहीत, चूक दिसेल म्हणून.

पुस्तक आलं, बरणीखाली गेलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. मीच हरलो म्हणायचं.

पुढच्या संकष्टीला पंतांनी मला जेवायला बोलावलं. गच्चीत पानं मांडलेली, मोदकांवर ओलं फडकं, आणि आभाळात ढग. चंद्र काही दिसेना. वहिनी कठड्यापाशी उभ्या, शेजारी पंत. उपास वहिनींचा, पंतांचा नव्हे. मी म्हटलं, पंत, तुम्ही तरी बसून घ्या की. तर म्हणाले, "राहू दे. सवय झालीय."

माझी काही सवय नव्हती. मी फडक्याखाली हात घातला.

"भावोजी," वहिनी वळल्याही नाहीत.

"मला उपास नाही, वहिनी."

"ठाऊक आहे. पुस्तकातले ते दोन मोदकही तुम्हीच खाल्लेत."

पंत त्यांच्याकडं बघतच राहिले. माझा हात फडक्याखालीच. मी म्हटलं, वहिनी, पुस्तक पंतांचं, चूक पंतांची, मी आपला खिळे जुळवणारा.

"यांची चूक कशी असेल?" वहिनी म्हणाल्या. "यांच्या आजवरच्या एकाही पुस्तकात दोघांतलं कुणी दुसऱ्याच्या आधी जेवलेलं नाही. तो रक्त पिणारासुद्धा थांबतो."