शेळीच्या घुंगरातली चिप

नातीच्या कॉलेजच्या यंत्रासाठी चिप निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं.

नात सुजाता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पास व्हायचं तर एक यंत्र करून दाखवायचं होतं. तिनं आमची शेळी धरली. चंद्री शेजारच्या कपाशीत शिरली की मोबाईल वाजेल असं यंत्र! ते मावायला हवं होतं चंद्रीच्या गळ्यातल्या घुंगरात. चिप म्हणजे त्या यंत्राचा मेंदू. (चंद्रीला स्वतःचा नाही, म्हणून बाहेरून बसवायचा.)

सुजातानं मोबाईलवर चित्रं दाखवली.

"आज्जे, आतलं काम समद्यांचं सारखंच हाय. फक्त आकार निवडायचाय. ही अठ्ठावीस पायांची."

"गोम हाय का ती? पुढं!"

"हिला आठ पाय."

"कोळी! पुढं."

"हिला पायच न्हाईत, खाली नुसते ठिपके. पण लई बारीक हाय, मोहरीएवढी. हातानं बसवाया अवघड. मोठीच घेऊ का?"

"शेळीच्या गळ्यात कपाट बांधती का? बारीकच घे! बसवायचं मी बघते. साठ वर्षं झाली डाळीतले खडे निवडते मी."

चिप आली. खोक्यात पिशवी, पिशवीत पिशवी, तिच्यात पट्टी, पट्टीत खळगा. खळग्यात काहीच नव्हतं.

"फसवलं गं पोरी तुला!"

"हाय की त्यात! आज्जे, जोरात श्वास नको सोडू."

एकच मागवली होती, आणि यंत्र दाखवायचं दुसऱ्या दिवशी, बीडला. लाईट गेली होती. येईपर्यंत चिप जागेवर ठेवून तरी बघू, असं मीच म्हटलं. काटा काढायच्या चिमट्यानं उचलली, आणि लाईट आली! पंख्याचं बटण मी चालूच ठेवलं होतं.

"आज्जे, कुठं गेली?"

"हलू नको! तुझ्या केसात गेली."

सकाळीच तिच्या डोक्याला मी वाटीभर तेल थापलं होतं, म्हणजे चिप सुटणार नव्हती. तिला पुढ्यात बसवलं. हे काम मला कुणी शिकवायचं? चार लेकरं, नऊ नातवंडं, दोन नणंदा, सगळ्यांची डोकी याच हातांखालून गेलेली.

"सापडली का?"

"गप बस. कानामागं काहीतरी काळं दिसतंय."

दोन बोटांत धरली. केसावरून ओढत पार टोकापर्यंत आणली.

"सापडली!"

"दे!"

ती चिप आहे हे मला माहीत होतं. हातांना कुणी सांगितलंच नाही! डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवली, वरून उजव्या अंगठ्याचं नख टेकवलं, आणि... टच्च!

सुजाता हळूच वळली. "आज्जे, आवाज कशाचा आला?"

"मेली," मी म्हटलं. (तोंडही हातांनाच सामील!)

"आता उद्या काय दाखवू? तुझी नखं?"

"ती गोम कुठं मिळंल?"

"गेवराईला मैतरणीकडं हाय एक."

"मग बसलीस कशाला? ऊठ!"

दुपारी ती गोम घेऊन आली. गोम घुंगरात मावेना. शेवटी मी माझी मिसरीची डबी रिकामी करून दिली. अर्धी मिसरी वाया गेली. नातीसाठी याहून जास्त कुणी काय करायचं?

सकाळी गाडीत शेळी घेईनात. मग डबी माझ्या गळ्यात बांधली. कॉलेजात सरांनी फरशीवर खडूनं रेघ मारली आणि म्हणाले, "ही कपाशी समजा. चला, शेळी!"

मी रेघ ओलांडली. मोबाईल वाजला. सर खूश. "पास!" म्हणाले. मग कागद चाळता चाळता थांबले.

"तू इथं लिहिलंयस, लहान चिप दाबाच्या चाचणीत टिकली नाही. ही चाचणी कुठं केली?"

"घरीच, सर."

"घरी? मशीन आहे तुमच्याकडं?"

"हाय की. लई जुनी हाय, पण आजूनबी चालू हाय."

"अरे वा! बघायला मिळेल का?"

सुजातानं माझ्याकडं पाहिलं. मशीन खडूच्या रेघेपलीकडं उभी होती, गळ्यात डबी. मशीननं दोन्ही अंगठे पदराखाली घेतले.