कूलरसमोरचा लॅपटॉप

माणसाला दुसऱ्याचं यश छळत नाही. आपल्याच साधनांनी दुसऱ्याने मिळवलेलं यश छळतं. हे सूत्र मला बरेच दिवस तत्त्वज्ञान वाटत होतं. मुळात ते साडूच्या लॅपटॉपवरून सुचलेलं होतं.

आम्ही दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, सारखेच लॅपटॉप घेतले होते. दोघी बहिणींचा तसा आग्रह होता. त्याचा रामदासपेठेतल्या घरी झाकण उघडताच जागा व्हायचा. माझा जरीपटक्यातल्या घरी आधी नीट विचार करायचा.

यावर मी कदाचित काही बोललोही नसतो, पण सासऱ्यांची पंचाहत्तरी आली. हॉल ठरला, फेटे ठरले, सासऱ्यांच्या चेहऱ्यापेक्षा मोठा सासऱ्यांचा बॅनर ठरला. त्यांचे जुने फोटो स्कॅन करून, क्रम लावून, मागे सनई घालून मी एक स्लाइड शो केला होता. तो लॅपटॉपशी बसून दाखवायचा कोणी, एवढाच प्रश्न उरला. काम माझं होतं, तेव्हा टेबलाजवळची खुर्चीही माझी, असं मी धरून चाललो होतो. काटोलहून सासऱ्यांचा फोन आला.

"ज्याचा फास्ट चालते त्याच्यावर लावा जवाई. लोकायले ताटकळत नोका ठेवू."

पेन ड्राइव्ह घेऊन मी साडूकडे गेलो. माझ्या घरी अडखळणारे फोटो त्याच्याकडे सरसर सरकले. माझ्या सासऱ्यांची मुंज, त्याच्या लॅपटॉपवर, माझ्या सनईसकट.

"काहून जी भाऊ," त्याने दयाळूपणे विचारलं, "तुमचं पॉवर सेटिंग अजून बॅलन्स्डवरच हाय का? बेस्ट परफॉर्मन्सवर टाका ना बाप्पा! घोडा घेतला अन् चालवून राहिले बैलासारखा."

त्याची बायको हसली. माझीही हसली, आणि ते जास्त लागलं.

घरी येऊन मी सेटिंग बदललं. लॅपटॉप खरोखर धावू लागला. थोड्या वेळाने त्याचा पंखा घरघरला, तळ तव्यासारखा तापला आणि तो पुन्हा पहिल्यासारखा रेंगाळू लागला. मे महिना होता. साडूकडे एसी आहे, हे तेव्हा लक्षात आलं आणि आधीच्या मत्सरात थोडी भर पडली. मग मी स्टूल ओढलं, लॅपटॉप कूलरसमोर ठेवला आणि तिथल्याच बोर्डात चार्जर लावला. आता तो सरसर चालला.

"मशीनले हवा, अन् आम्ही शिजून राहिलो," बायको म्हणाली.

"कार्यक्रमापर्यंतच."

"अहो, बाबांची पंचाहत्तरी हाय. तुमची परीक्षा नाही."

ती चुकत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून मी चाचणी घ्यायला लावली. माझा आधी उघडला. साडू म्हणाला, "वा भाऊ," आणि शांतपणे मागे जाऊन बसला. इतकं सहज हरणाऱ्या माणसाचाही हेवा वाटतो, हे मला माहीत नव्हतं.

सत्कार लांबले, भाषणं त्याहून लांबली. शो तयार ठेवायचा म्हणून मी लॅपटॉप बंद केला नव्हता, आणि स्क्रीन कधीच झोपू नये हे सेटिंगही मीच केलं होतं. अखेर फोटो सुरू झाले. सासऱ्यांच्या लग्नापर्यंत पोचलो, अंतरपाट धरलेला होता, आणि पडदा काळा झाला. सनई मात्र क्षणभर वाजल्यासारखी वाटली.

साडू धावत आला. "चार्जर कुठं हाय भाऊ?"

"घरी. कूलरजवळ."

तो हसला नाही. त्याने स्वतःचा लॅपटॉप पुढे सरकवला, वायर जोडली आणि अंतरपाटापासून पुढे सुरू केलं. "कार्यक्रमाले बॅटरी सेव्हरवर आणत असते जी," एवढंच म्हणाला. फोटो जरा रेंगाळत सरकत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो उभा राहिला.

जेवणाच्या पंगतीत मी सासऱ्यांशेजारी बसलो आणि शक्य तितक्या निरिच्छपणे विचारलं, "फोटो कसे वाटले? सुरुवातीचे?"

"कोणते फोटो जवाई?" ते म्हणाले.

सत्कारमूर्तींची खुर्ची व्यासपीठावर, पडद्याच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवलेली होती.