पन्नीखालचे द्रोण

हे मी अजून कोणालेच सांगितलं नाही. बायकोलेही नाही — आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून तीच गावभर सांगते. तुमाले काहून सांगून राहिलो? माहीत नाही. पण परवापासून बसवत नाही, उठवत नाही. जेवता जेवता उठतो, गोदामाच्या दारापर्यंत जातो, अन् तसाच परत येतो.

अमरावतीत माझा संत्रा बर्फीचा लहानसा कारखाना आहे. वडी बोटभर अन् तिचा नखरा केवढा! वडीले पन्नी, खाली प्लास्टिकचा ट्रे, ट्रेले खोका, खोक्याले पुन्हा चकचकीत पन्नी. खाणारा दोन घासांत मोकळा, कचरा राहते मागं. एका वर्षी मले त्याचा लय तिटकारा आला. खरंच आला, ते काही ढोंग नव्हतं. ठरवलं — ट्रे बंद, पळसाच्या पानाचे द्रोण. जो भेटंल त्याले सांगत सुटलो. पेपरात फोटोही छापून आणला. फोटो कशाले पाहिजे होता, सांगा बरं?

द्रोण धारणीकडून येत. तिकडची रामकली नावाची कोरकू आदिवासी बाई, तिच्या संगं गावातल्या बाया. पान तोडाचं, सुकवाचं, काडीनं टाचाचं. अन् त्या खड्ड्याखुड्ड्यांतून जीपच्या टपावर पोते बांधून इथवर आणाचं, ते रामकलीचं काम. त्याच कामाच्या भरवशावर तिनं पोरीले अमरावतीत शिकाले ठेवलं होतं. मले भाऊ म्हणे.

दिवाळीची मोठी ऑर्डर अकोल्याच्या रशीदभाईंची. मिठाईचं जुनं दुकान, माणूस शब्दाचा पक्का. माझ्या द्रोणांवर माझ्यापेक्षा त्यांचाच जीव जास्त. माल भराच्या आधी आभाळ आलं. माझ्या गोदामाचं टिन गळते. मग मी काय केलं? हसू नका — नाही, हसा. प्लास्टिक बंद करणाऱ्या या शहाण्यानं जाड पन्नी आणली अन् द्रोणांच्या पोत्यांवर पांघरली! चारी बाजूंनी खोचली, वर विटा ठेवल्या. कोणाले बोललो नाही, लाज वाटली. पाणी काही आलंच नाही. ऊन पडलं, टिन तापलं, अन् आतल्या आत पानाले घाम फुटला.

पन्नी काढली तेव्हा कुबट वास आला. मले आला तो वास. तरी त्याच द्रोणांत माल भरून धाडला. म्हटलं, संत्र्याच्या वासात दबून जाईन.

दबला नाही, पानाले बुरशीच लागली होती. "भाई, पत्तों पे फफूंद है," रशीदभाईंचा फोन. अख्खा टेम्पो परत आला. एवढा खवा, एवढी संत्री, सगळं खड्ड्यात पुरलं. कचरा कमी कराले निघाला होता ना बावा? घे! रशीदभाईंनी पुन्हा फोन करून, रागानं नाही, काळजीनं विचारलं — हे झालं कसं?

मी म्हणालो, "पानं ओलीच आली धारणीवरून."

अन् रामकली तिथंच होती. नवीन पोते घेऊन आलेली, दारात उभी. "भाऊ, हमने तो सुकाकेच बांधा था," एवढंच बोलली. मी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तिच्या मागं कोपऱ्यात ती पन्नी पडली होती, आतून अजून ओली. ती वळून पाहीन, याची मले एवढी धास्ती, की मी तिले खांद्याले धरून बाहेर काढलं.

गावच्या बाया तिच्यावरच उलटल्या. घाईत ओला माल बांधला, आमचं काम घालवलं, म्हणाल्या. पोरगी शिक्षण सोडून घरी गेली. मी ट्रे पुन्हा सुरू केले. रशीदभाई एकदा म्हणाले, बाईले एक मौका द्या. मीच नको म्हटलं. तिचं तोंड पाहाची हिंमत कोणात होती?

हे एवढंच असतं तर मी आजही बोललो नसतो. जुनं मढं उकरते कोण?

पण परवा अकोल्याले आमच्या धंद्यातल्या लोकांची बैठक होती — कचरा कमी कसा कराचा यावर. मोठा अनुभवी म्हणून मलेच बोलाले उभं केलं. तिळाच्या वड्या करणारी एक बाई उठली. म्हणाली, धारणीच्या बाया द्रोण द्याले तयार आहेत, घेऊ का? सगळे माझ्याकडं पाहून राहिले. माझ्या तोंडाशी आलं होतं, देवाशपथ आलं होतं.

"बुरशी धरते ताई," मी म्हणालो. "त्या लोकांले पान सुकवता येत नाही."

तिनं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला. आतापर्यंत नाव एकट्या रामकलीचं खराब होतं, परवा मी अख्ख्या मुलखाचं केलं.

ती पन्नी अजून आहे. ट्रेच्या थप्पीवर धूळ बसू नये म्हणून मीच रोज पांघरतो.

रामकलीची पानं कोरडी होती.