काचेवरचं नीराबाईंचं बोट

म्हसळ्याबाहेरच्या आमच्या शेडमध्ये हेल्मेटच्या काचांवर लेप चढतो. गाडी चालवताना श्वासाची वाफ काचेवर धरू नये म्हणून. केसापेक्षाही पातळ लेप. काच टाकीत बुडवायची आणि चक्री फिरवत सावकाश वर घ्यायची. जरा घाई झाली की लेप बिघडलाच. चक्रीवर आमच्यातल्या नीराबाई असतात, त्या मनात बल्लाळेश्वराचं नाव घेतात. एकशे आठ झाली की काच बाहेर. मी घड्याळ लावून पाहिलंय, रोज तेवढाच वेळ.

दसऱ्यानंतर लगेच दहा नमुने पुण्याच्या कंपनीला दाखवायचे होते. सोमवारीच. पसंत पडले तर वर्षभर काम, नाहीतर शेड बंद आणि आम्ही सहाजणी घरी.

खंडेनवमीला पूजा झाली. नीराबाईंनी समईची वात सारली आणि त्याच बोटाने दहाही काचांना कुंकू लावलं. नंतर काचा पुसल्या, लखलखीत दिसल्या, म्हणून लेप दिला. भट्टीतून वाळून आल्या तर प्रत्येकीवर मधोमध बोटाएवढा गोल. तेवढ्या जागी लेप धरलाच नव्हता.

मालक केतनशेठ भडकले, फोन उचलला. "मालच खराब आलाय! लेपाचं पिंप परत पाठवतो."

"शेठ, फोन ठेवा," नीराबाई म्हणाल्या. "ह्यो गोल माझ्या बोटाचा हाय. वातीचं तेल व्हतं. पुसलं, पर गेलं न्हाय."

आमच्यातली पूनम कुजबुजली, "गप बसायचं ना मावशी!"

"आणि पिंपवाल्याच्या माथी मारू? नवीन पिंप येईस्तो सोमवार जाईल गो."

आम्हा सहाजणींच्या डोळ्यांना न दिसलेलं तेल त्या लेपाला कळलं होतं.

दहा कोऱ्या काचा साबणाने धुतल्या. नीराबाईंनी हातमोजे घालून एकेक काच कडेने धरली आणि चक्री फिरवायला लागल्या. ओठ हलत होते.

शनिवारी केतनशेठनी चहाचं भांडं उकळत ठेवलं. वाफेवर आधी बिनलेपाची काच धरली. क्षणात पांढरी झाली. मग लेपाची, वाफेवरच, स्वतःच्या तोंडासमोर धरली. वाफ येऊन भिडत होती आणि काच होती तशीच. पलीकडे शेठचा चेहरा, भुवईचा, वाढल्या दाढीचा केसन् केस दिसत होता. एकेक करत दहाही तशाच निघाल्या.

नीराबाईंनी हात जोडले. मग म्हणाल्या, "शेठ, पुण्याला जाताना दाढी करून जा. काचेतून लई साफ दिसताय."