थोरलीची फाइल

घरात सगळे तिला थोरलीच म्हणत. थोरली सून म्हणून थोरली. लग्न होऊन आली तेव्हापासून पहिला चहा तिच्या हातचा आणि शेवटचं भांडंही तिनेच विसळायचं. बोलायला भारी गरीब. कुणी टाकून बोललं तरी देवापुढे हात जोडून उभी राहायची, तेवढंच.

तिची आई इस्पितळात आया होती. बेडपॅन धुवायची, गेलेल्या माणसांना शेवटची आंघोळ घालायची. सासूबाई मात्र चारचौघांत सांगत, "आमच्या विहीणबाई हॉस्पिटलात होत्या हो," आणि समोरचा नर्स समजला की समजू देत. थोरलीही मान खाली घालून बसायची. ते तिच्या मनाला खूप लागायचं.

आईला विसर पडायला लागला, तशी थोरली फोनवरून तिला बोलतं करायची. कोणता म्हातारा हात सोडू द्यायचा नाही, कोणत्या बाळंतिणीने घरी जाताना तिच्या पाया पडून घेतलं, सगळं. दुपारी घर आडवं झालं की ते हॉलमधल्या कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवायची. पण कॉम्प्युटर सगळ्यांचा, आणि धाकट्या जाऊबाईंना दिसेल ते उघडून वाचायची खोड. म्हणून थोरलीने एक शक्कल काढली. लिहून झालं की फाइल डिलीट करायची. ती रीसायकल बिनमध्ये जाऊन पडायची. दुसऱ्या दिवशी तिथून परत काढायची, पुढचं लिहायचं, पुन्हा टाकायची. कचऱ्यात कोण हात घालतंय!

पुढे आईचं बोलणंच थांबलं. उरलं होतं ते सगळं त्या फाइलीत.

इकडे कॉम्प्युटर रखडायला लागला. बटण दाबून कणीक मळून यावं, तरी पडद्यावरचं चक्र आपलं गरगरतंय. धाकट्या दिराने मनावर घेतलं. सफाईचा कसलासा प्रोग्रॅम उतरवला आणि हाक मारली, "वहिनी, या बघा! नको ते सगळं एका फटक्यात साफ!"

थोरली हात पुसत बाहेर आली. बिन रिकामं होतं.

"काय झालं? चेहरा का पडला?"

"काही नाही भाऊजी. गॅसवर दूध आहे."

विचारायचं तर काय होतं ते सांगावं लागणार. सांगितलं तर ते हॉलमध्ये मोठ्याने वाचलं जाणार. रोज देवाला म्हणायची, उद्या बोलते. तो उद्या काही उजाडला नाही.

कॉम्प्युटर होता तसाच सुस्त. दिराने आणखी दोन अँटिव्हायरस घातले, ते एकमेकांच्याच उरावर बसले. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने तपासणी लावली आणि हसला.

"डिस्क गळ्यापर्यंत भरलीय. एवढे सिनेमे कुणाचे?"

"ते राहू द्या, ते लागतात," दीर म्हणाला.

"मग साफ काय केलंत? कचरा तर चिमूटभर असतो."

तेव्हा कुठे थोरलीने तोंड उघडलं. "बिनमधून गेलेलं परत मिळतं का हो?"

त्याने शोध सुरू केला. बऱ्याच वेळाने नाव सापडलं, पण फाइल उघडली तर नुसते चौकोन आणि चिन्हं.

"त्याच दिवशी मशीन बंद करून बोलावलं असतं तर मिळालीही असती, ताई. नंतर उतरवलेले सिनेमे त्या जागेवर बसलेत."

"कचऱ्यात कशाला ठेवायची मग?" जाऊबाई हसल्या.

"वहिनी, त्या दिवशीच बोलायचं की! मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"एवढं होतं तरी काय गं त्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या आईचं. आया होती तेव्हाचं."

सासूबाईंनी चटकन दुरुस्तीवाल्याकडे बघितलं. तो खाली वाकून वायरी काढत होता.

त्याने अँटिव्हायरस काढले, सिनेमे दुसऱ्या डिस्कवर हलवले. मशीन पळायला लागलं. दिराला वाईट वाटलं असावं. त्याने पडद्यावर मधोमध थोरलीच्या नावाचं फोल्डर करून दिलं. "इथे लिहा. कुणी हात लावणार नाही."

दुसऱ्या दुपारी ती बसली. नवी फाइल लगेच उघडली. हात न सोडणाऱ्या म्हाताऱ्यापासून सुरुवात केली. चार ओळी झाल्या, वाचून बघितल्या. सगळं नीट होतं, शुद्ध होतं. पण आई असं कधी बोलायचीच नाही. आई कशी म्हणाली होती ते आठवायला थोरली डोळे मिटून बसली. आतून जाऊबाईंची हाक आली, "चहा टाकताय ना?"

"टाकते," ती म्हणाली, आणि उठली.